बंद केल्यावर किती वेळ गरम राहतं?

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर होते. एकतीस वर्षं पाळीत काढली. वरणगावच्या आमच्या घरात जेवणाची वेळसुद्धा त्यांच्या पाळीवर ठरायची, आणि नाना रात्रपाळी करून आले की दुपारी दोनपर्यंत कुकरची शिट्टी वाजू द्यायची नाही, हा आईचा नियम होता. या घरातून मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, मग थर्मल विषयात एम. टेक.ला गेले आणि प्रबंधासाठी अणुभट्टीतल्या उष्णतेचा विषय घेतला. फोनवर नानांना ते सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बंद केल्यावर किती वेळ गरम राह्यतं ते?"

त्यानंतर मुलाखतीत, प्रशिक्षणात आणि प्रत्यक्ष प्लांटवर मला जे जे विचारलं गेलं, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नात आधीच होतं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

कोळशाच्या बॉयलरचं नानांना माहीत होतं. बॉयलर ट्रिप झाला, कोळसा दळणाऱ्या मिल बंद झाल्या, तेल बंद झालं, की आग विझते. लोखंड तापलेलं राहतं, पण नवी उष्णता तयार होत नाही. अणुभट्टीचं तसं नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी युरेनियमच्या अणूचे जे तुकडे झालेले असतात ते किरणोत्सारी असतात, आणि ते आपापल्या गतीने क्षय पावत उष्णता देत राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणाला ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या. टक्के ऐकायला लहान वाटतात. पण सातशे मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता तयार होते दोन हजार मेगावॉटहून जास्त, म्हणजे बंद केल्या केल्या तिथे सुमारे १४० मेगावॉट उष्णता असते. ती नेली नाही तर इंधन वितळतं. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाला भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. पुढचं सगळं या उरलेल्या उष्णतेनं केलं.

मी नानांना हे सूत्रासकट सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. नंतर एवढंच विचारलं, "मग ती नेतं कोन?" मी यंत्रणांची नावं सांगितली. त्यांचं समाधान झालं नाही हे मला आवाजावरून कळलं, पण माझा प्रबंध पूर्ण व्हायचा होता, मी विषय सोडला.

एम. टेक. २०२१ मध्ये झालं. डिसेंबरात एका ठिकाणी मुलाखत होती. समोर पाच जण. पहिली वीस मिनिटं छान गेली: उष्णतावहन, उकळणं, न्यूट्रॉनची गती कमी का करायची, जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) का वापरायचं. मग कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर सरांनी विचारलं, "भट्टी बंद झाली. बाहेरची वीज गेली. डिझेल जनरेटर सुरू झाले नाहीत. आता?" मी फळ्यावर सूत्र लिहिलं, उरलेली उष्णता किती ते काढून दाखवलं. सर म्हणाले, "किती ते मला माहीत आहे. कुठे जाईल ते सांगा." मी आणीबाणीच्या शीतकरण यंत्रणेचं नाव घेतलं. "तिच्या पंपाला वीज कुठून आणणार?" मी खडू हातात धरून उभी राहिले. नानांनी विचारलेलाच प्रश्न होता तो.

निवड झाली नाही. घरी आले. आईनं काही विचारलं नाही, शेवभाजी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला नाना म्हणाले, "चल वर." आमच्या गच्चीवर पाणी तापवायचा सोलर आहे. खाली काच लावलेला काळा उतरता पत्रा, त्याच्या वरच्या अंगाला टाकी. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. नानांनी माझा हात धरून आधी खालच्या पाइपवर ठेवला. थंडगार. मग वरच्या पाइपवर. चटका बसला.

"पंप कुठी आहे?"

पंप नव्हता. पत्र्यात तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत जातं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली येतं, आणि ऊन आहे तोवर हे चालू राहतं. "टाकी खाली ठेवली असती तर?" नाना म्हणाले. "फिरलं असतं का?" मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या दोनशे दहा मेगावॉटच्या बॉयलरमध्येसुद्धा पाणी असंच फिरायचं. वरच्या ड्रममधून डाउनकमर नावाच्या पाइपानं खाली आणि भट्टीच्या भिंतीतल्या नळ्यांमधून तापून वर. एकतीस वर्षं ते याच फिरत्या पाण्यासमोर उभे होते.

हे मला पुस्तकातून येत होतं. नैसर्गिक अभिसरण, थर्मोसायफन, त्यावर मी एका सेमिस्टरला पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण आपल्या जड पाण्याच्या भट्टीत वाफजनित्रं, म्हणजे भट्टीच्या उष्णतेनं पाण्याची वाफ करणारी भांडी, गाभ्याच्या, म्हणजे इंधन असतं त्या भागाच्या, वरच्या उंचीवर का बसवली आहेत हा विचार मी कधी केलाच नव्हता. पंप थांबले तरी गाभ्यात तापलेलं पाणी वर वाफजनित्रात जाईल, तिथे उष्णता सोडेल, गार होऊन खाली येईल. त्यासाठी उंची ठेवली आहे. ती आराखड्यातच आहे, तिला वीज लागत नाही.

गच्चीवरून उतरताना नाना थांबले. "पण टाकीत पाणी पाह्यजे बरं का," म्हणाले. "वरचं पाणी संपलं का मग काही फिरत नाही."

पुढच्या वर्षी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचं, म्हणजे देशातली अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीचं, मुलाखतीचं बोलावणं आलं. आपल्याकडच्या मुलांना माहिती नसते म्हणून इथे थोडं सांगते. इंजिनिअरिंगच्या गेट परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात, त्यापुढची मदार मुलाखतीवर. अणुविज्ञानाची पदवी असावी लागते असं जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल अशा शाखांची मुलं घेतात आणि अणुभट्टी तिथे शिकवतात. दुसरी वाट भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची. ती १९५७ पासून चालू आहे, आणि तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेल्यांनाही जागा असते. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले अनिल काकोडकर याच स्कूलमधले. त्यांचा जन्म बडवानीचा, सातपुडा ओलांडला की आलंच ते. आणि ज्यांना रुग्णालयात, कॅन्सरच्या उपचारात काम करायचं असेल त्यांच्यासाठी एम. एस्सी.नंतर किरणोत्सर्ग भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम आहे.

भुसावळहून रात्रीच्या गाडीनं कुर्ल्याला उतरले आणि तिथून अणुशक्तीनगर गाठलं. मुलाखतीत तोच प्रश्न येणार अशी माझी खात्री होती, आणि आला. मी फळ्यावर आधी आमच्या गच्चीवरचा सोलर काढला. मग त्याच्या शेजारी भट्टीचा गाभा, त्याच्या वर वाफजनित्र, आणि पाण्याचे बाण. एका सरांनी विचारलं, "आणि वाफजनित्रातलं पाणी उकळून संपलं तर?" मी म्हटलं, "टाकीत पाणी भरत राहावं लागेल सर. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपानं भरता येईल. सातशे मेगावॉटच्या भट्टीत त्यासाठी वेगळी यंत्रणाही आहे, उंचावर टाकी ठेवून आपोआप उष्णता नेणारी." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "वडील काय करतात?"

निवड झाली. पण रुजू होईपर्यंतचे आठवडे अवघड गेले. वैद्यकीय तपासणी झाली, चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस घरी येऊन गेले, शेजाऱ्यांना विचारून गेले, आणि गल्लीत चर्चा सुरू झाली. पोलीस का आले याचा खुलासा आई आठवडाभर करत होती. त्याहून मोठी काळजी तिच्या पोटात होती, ती तिनं पापड लाटता लाटता एके दिवशी बोलून टाकली. "तुले मूलबाळ होईन ना? लोकं काहीबाही सांगता."

मी तिला उडवून लावलं नाही. विचारण्यासारखीच गोष्ट होती ती. मी तिला नियम सांगितले. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (अंगाला लागलेली किरणं मोजायचं हे एकक) मर्यादा आहे, आणि आपल्या देशात कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ देत नाहीत. बाईनं दिवस गेल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि तिचं काम त्या हिशेबानं बदलतात. जगात निसर्गाकडूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तिनं आकडे ऐकले, पण तिला हवं होतं ते वेगळंच. "कळवायला लाजू नको मग," ती म्हणाली. बस. त्यावर तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही.

मामांना पटवणं जास्त कठीण गेलं. फैजपूरजवळ त्यांची केळी आहे, आणि पोरीनं 'किरणांच्या' नोकरीत जाऊ नये असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. त्यांच्या ओसरीत पोटॅशची पोती रचलेली होती. मी म्हटलं, "मामा, या पोत्यातही किरणं आहेत." पोटॅशियममध्ये थोडा अंश किरणोत्सारी पोटॅशियमचा असतो, पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनचा. पोटॅशच्या पन्नास किलोच्या एका पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांहून जास्त अणूंचा क्षय होतो, एका केळ्यात साधारण चौदांचा, माणसाच्या शरीरात चार हजारांच्या वर. मी वहीच्या मागच्या पानावर गणित करून दाखवलं. मामा पोत्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षांपासून यावर टेकून बसतो."

खरं सांगायचं तर तेव्हा मी थोडं पुढे गेले आणि म्हणाले, मग भट्टीला काय घाबरायचं? ते चुकलं. पोत्यातली किरणं आणि भट्टीतून निघालेल्या इंधनाची किरणं यांत इतकं अंतर आहे की ती तुलना करूच नये. पोत्यावर माणूस टेकून बसू शकतो. वापरलेल्या इंधनाजवळ आडोशाशिवाय कोणी उभं राहू शकत नाही. हे मी पुढे प्रशिक्षणात स्वतः शिकले आणि दिवाळीला आले तेव्हा मामांना जाऊन सांगितलं. किरणोत्सर्ग सगळीकडे आहे हे खरं, आणि म्हणून सगळा सारखा आहे हे खोटं. आपल्या क्षेत्रातली माणसं लोकांची भीती घालवायला पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गिळतात, त्यानं विश्वास वाढत नाही असं माझं मत आहे.

प्रशिक्षण रावतभाट्याला झालं, राजस्थानात, चंबळच्या काठी. आईनं बिबडे आणि कळण्याचं पीठ डब्यात भरून दिलं होतं. वर्गात मी सोडून बहुतेक जण बी. ई. करून थेट आलेले. दोन-तीन वर्षांनी लहान. एकच बाक, एकच अभ्यासक्रम, एकच हुद्दा. मग एम. टेक.ची दोन वर्षं वाया गेली का, हा विचार पहिल्या महिन्यात मला खूप छळायचा. वाया गेली असं मला आता वाटत नाही. समीकरणामागचं गृहीतक काय हे विचारायची सवय मला तिथेच लागली, आणि गाभ्यातल्या तापमानाचा आलेख पाहिला की तो कुठे फसवू शकतो ते मला इतरांआधी दिसतं. पण जो कोणी केवळ या नोकरीसाठी एम. टेक. करायचं म्हणतो त्याला मी सांगते की गरज नाही, विषयाची ओढ असेल तर कर.

वर्गातल्या शिकण्याबद्दल फार सांगत नाही, ते पुस्तकात आहे. खरं शिकणं लाइन ट्रेसिंगमध्ये होतं. हातात फ्लोशीट, म्हणजे पाइपांचा नकाशा, डोक्यावर हेल्मेट, आणि एक पाइप धरून तो सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत पायी जायचं. वाटेतला प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याचा टॅग, तो उघडा की बंद, वीज गेली तर उघडतो की मिटतो, सगळं टिपायचं. मला वाफजनित्रात अग्निशमनाचं पाणी सोडायची लाइन दिली होती. कागदावर ती एक वितीएवढी रेघ. एक व्हॉल्व्ह मला दोन दिवस सापडेना. तिसऱ्या दिवशी सोबतच्या ऑपरेटरनं काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर बसायची खूण केली. इन्शुलेशन चढवलेल्या एका जाड पाइपाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर होता तो. चाकाला हात पोचत होता, पण खांदा तिरका करून. अंधारात, घाईत, हातमोजे घालून हे करायचं असेल तर? मी त्या जागी डोळे मिटून दहा वेळा हात घातला. मुलाखतीत मी 'पाणी भरता येईल' म्हणाले होते, ते पाणी या चाकातून जातं.

नियंत्रित विभागात जाताना छातीवर टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगाला किती किरणं लागली ते नोंदणारा, लावायचा, सोबत लगेच वाचता येणारं मोजमापक, आणि परत येताना हातपाय यंत्रासमोर धरून तपासून घ्यायचे. विभागांना एक ते चार क्रमांक असतात, जसं आत जावं तसे जोडे बदलतात. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असतं, ते हवेतल्या ओलाव्यातून अंगात जाऊ शकतं, म्हणून लघवीचा नमुना द्यावा लागतो. पहिल्यांदा ती बाटली देताना मला संकोच वाटला होता, दुसऱ्यांदा नाही. माझ्या बिल्ल्यावर त्या वर्षात सांगण्यासारखं काही नोंदलं गेलं नाही.

सिम्युलेटरवर, म्हणजे सरावासाठीच्या नकली नियंत्रण कक्षात, भट्टी ट्रिप झाली की आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर घडते. अणूच्या तुकड्यांपासून होणारा झेनॉन वायू वाढू लागतो. तो साखळी प्रक्रिया चालवणारे न्यूट्रॉन गिळतो. अर्ध्या तासाच्या आसपास कारण शोधून भट्टी पुन्हा चालू केली तर ठीक, नाहीतर तो ओसरेपर्यंत दीड दिवस थांबावं लागतं. आमचे प्रशिक्षक त्या अर्ध्या तासात मुद्दाम कोणाला घाई करू द्यायचे नाहीत. कारण कळलं नाही तर दीड दिवस थांबा, असं ते सांगत, आणि वर्षभरात त्यांचं दुसरं कुठलंही वाक्य माझ्या इतकं कामी आलेलं नाही.

२०२३ च्या शेवटी शेवटी नेमणूक झाली काक्रापारला, गुजरातेतल्या अणुवीज केंद्रात. यादीत नाव पाहिलं आणि मी नानांना फोन लावला. भुसावळ-सुरत मार्गावर अमळनेर, नंदुरबार, नवापूर मागे टाकलं की व्यारा येतं, तिथून काक्रापार जवळच. आणि पाणी तापीचं. दीपनगर हतनूर धरणाचं तापीचं पाणी घेतं, तीच नदी खान्देश ओलांडून, उकाई धरणातून काक्रापारला येते आणि तिच्या कालव्याचं पाणी आमच्या केंद्राला मिळतं. १७ डिसेंबर २०२३ ला इथली चौथी भट्टी पहिल्यांदा क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात साखळी प्रक्रिया स्वतःहून चालू राहिली. सातशे मेगावॉटची, पूर्ण देशी बनावटीची. मी तेव्हा नवी होते, नियंत्रण कक्षात नव्हते, फील्डवर होते. तरी त्या पाळीत सगळे जण नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत होते हे मला आठवतं.

नियंत्रण कक्षात बसायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. त्याला वर्षं लागतात: चेकलिस्टा, लेखी परीक्षा, सिम्युलेटर, तोंडी परीक्षा. मी त्या वाटेवर आहे. सध्या माझं काम फील्डचं, पाळीत फिरून यंत्रं बघायचं, वाचनं घ्यायचं.

गेल्या वर्षी आई-नाना अणुमालाला, आमच्या टाउनशिपमध्ये, आठ दिवस राहून गेले. आत प्लांटवर त्यांना नेता येत नव्हतं. संध्याकाळी आम्ही फिरायला जायचो तिथून थंड करणारे दोन मोठे मनोरे दिसायचे. नाना पहिल्या दिवशी बराच वेळ बघत उभे राहिले. "धूर नाही," म्हणाले. वर जात होती ती वाफ होती, आणि तिला वास नव्हता. दीपनगरला असताना त्यांच्या शर्टाच्या कॉलरवर राखेची बारीक रेघ असायची, आई ती ब्रशनं घासायची.

परत येताना कालव्याच्या पुलावर ते थांबले. पाणी भरून चाललं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, यावेळी सूत्राशिवाय. भट्टी बंद केल्यावर किती उष्णता उरते, ती वर कशी चढते, वाफजनित्र किती उंचावर आहे, पंप नसताना पाणी कसं फिरतं. ते मान हलवत होते. पाइपवर हात ठेवल्यासारखी त्यांची बोटं कठड्यावर होती.

"अन् टाकीत पाणी आहे का नाही," ते म्हणाले, "ते कोन पाह्यतं?"

"मी," म्हटलं. "दर पाळीला, जाऊन."

त्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. निघताना साडेनऊ वाजता नाना दारापर्यंत आले, आणि आईनं सकाळी कुकर लावायचा नाही म्हणून डाळ रात्रीच शिजवून ठेवली.